समुद्र नसलेल्या खान्देशातून समुद्री लार्व्हांच्या जनुकांचा प्रकल्प: पायरीवार मार्गदर्शन

जळगाव, धुळे, नंदुरबारच्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र किंवा जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करणाऱ्या अनेकांना सी अर्चिन या काटेरी समुद्री प्राण्याचा प्लुटियस, कालवांचा व्हेलिजर आणि वलयी प्राण्यांचा ट्रोकोफोर हे लार्व्हा (अंड्यातून निघणारी, प्रौढाहून वेगळ्या रूपाची अवस्था) पाठ्यपुस्तकातल्या आकृतीपुरतेच माहीत असतात. प्रकल्प निवडायची वेळ आली की समुद्र लांब म्हणून विषय बाजूला पडतो. प्रत्यक्षात या विषयातली आरएनए-सीक्वेन्सिंगची (आरएनए वाचून कोणती जनुकं किती चालू आहेत ते मोजण्याची) माहिती मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक आहे. अमळनेर किंवा शहाद्याच्या विद्यार्थ्यालाही ती परदेशातल्या प्रयोगशाळेइतकीच खुली आहे, आणि तिच्यातून नवे प्रश्न विचारता येतात.

प्रकल्प फसतो तो संगणकापाशी क्वचितच. प्रश्न सैल असतो किंवा अवस्था चुकीच्या जोडलेल्या असतात, म्हणून तो फसतो. त्यामुळे खाली पायरी १ आणि ५ लांब आहेत आणि बाकीच्या आटोपशीर.

१. आधी प्रश्न ठरवा: ‘कोणती जनुकं’ यापेक्षा ‘कधी’

‘लार्व्हातली जनुक-अभिव्यक्ती’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न कुठून काढायचा ते कळण्यासाठी मूळ वाद समजून घ्या.

एक बाजू म्हणते की पोहणारा लार्व्हा फार जुना आहे आणि प्रौढ शरीर नंतर जोडलं गेलं. दुसरी म्हणते की पूर्वज थेट विकसित होत होते आणि लार्व्हा ही अवस्था मध्येच, वेगवेगळ्या वंशांत स्वतंत्रपणे घुसली. हेकेलने १८७४मध्ये गॅस्ट्रियाची, म्हणजे सर्व प्राण्यांच्या पेल्यासारख्या, दोन थरांच्या पूर्वजाची, कल्पना मांडली तेव्हापासून हा वाद चालू आहे. जनुकांची माहिती हाती आल्यावर त्याला नवं वळण मिळालं, कारण आता आकाराबरोबर वेळही मोजता येते.

तीन उदाहरणं नीट वाचून ठेवा.

पहिलं शायझोकार्डियमचं; हा हेमिकॉर्डेट गटातला, अळीसारखा समुद्री प्राणी. २०१७मध्ये दिसून आलं की त्याच्या टॉर्नारिया लार्व्हात शरीराच्या पुढच्या भागाची जनुकं चालू असतात, पण धड घडवणारी हॉक्स जनुकं बराच काळ शांत राहतात. रूपांतरण (लार्व्हाचं प्रौढ रूपात बदलणं) जवळ आलं की ती मागच्या टोकाकडे चालू होतात आणि धड जोडलं जातं. म्हणजे हा लार्व्हा जवळपास नुसतं पोहणारं डोकं आहे.

दुसरं वलयी प्राण्यांचं. २०२३मध्ये तीन प्रजातींची तुलना प्रसिद्ध झाली. ओवेनिया फ्युझिफॉर्मिसचा लार्व्हा पाण्यातलं अन्न खातो, कॅपिटेला टेलेटाचा अंड्यातल्या पिवळ्या बलकावर जगतो आणि डायमॉर्फिलसला लार्व्हाच नाही. ओवेनियात धडाची जनुकं उशिरा, रूपांतरणाच्या तोंडावर चालू होतात. कॅपिटेलात ती भ्रूणावस्थेतच चालू झालेली असतात. जनुकांचा संच साधारण तोच असतो, घड्याळ मात्र सरकलेलं असतं.

तिसरं ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या हेलिओसिडारिस सी अर्चिनचं. हेलिओसिडारिस ट्युबरक्युलाटाचं अंडं सुमारे ९० ते ९५ मायक्रॉनचं, त्यातून खाणारा प्लुटियस निघतो आणि रूपांतर पावायला त्याला अनेक आठवडे लागतात. हेलिओसिडारिस एरिथ्रोग्रामाचं अंडं ४०० मायक्रॉनपेक्षा मोठं, म्हणजे घनफळाने जवळपास शंभरपट. त्याचा लार्व्हा खात नाही आणि काही दिवसांतच रूपांतर पावतो. या दोन प्रजाती वेगळ्या होऊन जेमतेम ४० ते ५० लाख वर्षं झाली असावीत. म्हणजे लार्व्हाचं जगणं उत्क्रांतीच्या मानाने झपाट्याने बदलू शकतं. लार्व्हा ही अतिप्राचीन आणि अचल अवस्था आहे असं प्रस्तावनेत सहज लिहून जाणाऱ्यांनी हे उदाहरण आधी पचवावं.

आता प्रश्न एका वाक्यात लिहा. ‘खाणाऱ्या आणि न खाणाऱ्या लार्व्हांमध्ये हॉक्स जनुकं कोणत्या अवस्थेत चालू होतात?’ किंवा ‘सी अर्चिनमध्ये कंकाल घडवणाऱ्या जनुकांपैकी किती लार्व्हा आणि पिल्लू या दोन्ही अवस्थांत चालू असतात?’ या वाक्यात प्राणी, जनुकांचा गट आणि तुलना, तिन्ही असलीच पाहिजेत. एक जरी राहिलं तर पुढे शेकडो जनुकांची यादी हातात येते आणि तिचं करायचं काय ते कळत नाही.

२. सामान आणि कागदपत्रं

- किमान ८ जीबी रॅमचा लॅपटॉप. १६ जीबी असेल तर उत्तम. लिनक्स, किंवा विंडोजमध्ये डब्ल्यूएसएल (विंडोजमध्येच लिनक्स चालवण्याची सोय).
- ५०० जीबी ते १ टीबीची बाहेरची हार्ड डिस्क.
- गॅलॅक्सी या ऑनलाइन विश्लेषण-संकेतस्थळावर मोफत खातं. नोंदणी केल्यावर मुख्य सर्व्हरवर साधारण २५० जीबी जागा मिळते आणि जड गणित त्यांच्या संगणकावर चालतं. लॅपटॉप कमकुवत असेल तर पूर्ण प्रकल्प इथेच करा.
- आर ही सांख्यिकीची संगणक-भाषा आणि ती वापरायचा आरस्टुडिओ, त्यात टीएक्सइम्पोर्ट (मोजणी आणण्यासाठी), डीसीक-२ (अवस्थांमधला फरक तपासण्यासाठी) आणि एमफझ (जनुकांचे गट करण्यासाठी) ही पॅकेजेस.
- विभागाची प्रकल्प-नोंदणी आणि मार्गदर्शकांची सही. विषयाच्या शीर्षकात ‘सार्वजनिक माहितीचं पुनर्विश्लेषण’ हे शब्द आधीच घाला. नाहीतर प्रयोग कुठे केला हा प्रश्न ऐन तोंडी परीक्षेत येतो.
- वापरलेल्या प्रत्येक माहितीसंचाचा प्रकल्प-क्रमांक आणि मूळ शोधनिबंध यांची नोंदवही, पहिल्या दिवसापासून.

किनाऱ्यावर जाऊन काही गोळा करायचा विचार असेल तर थांबा. समुद्री काकड्या आणि प्रवाळ वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२खाली संरक्षित आहेत. परवानगीशिवाय उचललेला नमुना प्रकल्पासकट अडचणीत आणतो.

मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा लॅपटॉप तापून स्वतःचा वेग कमी करतो आणि तीन तासांचं काम आठ तास चालतं. जड कामं रात्री लावा. वीज गेली तरी अर्धवट राहिलेली फाइल पुढे चालू करता येईल अशीच डाउनलोडची पद्धत निवडा.

३. एक तरी लार्व्हा डोळ्यांनी पाहा

ही पायरी बहुतेक जण टाळतात. टाळू नका. अवस्थेचं नाव आणि प्रत्यक्ष प्राणी यांची सांगड एकदा बसली की तक्ते वाचताना चूक कमी होते.

सर्वांत सोपा आर्टेमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातला झिंग्यासारखा छोटा प्राणी. शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानात त्याची सुप्त अंडी मिळतात. १ लिटर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम खडेमीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा घाला. नळाचं पाणी असेल तर क्लोरिन उडून जाण्यासाठी ते रात्रभर उघडं ठेवा. त्यात १ ग्रॅम अंडी टाका, मत्स्यपेटीचा हवेचा पंप लावा आणि वरून दिवा ठेवा. तापमान २६ ते २८ अंश हवं. उन्हाळ्यात गच्चीलगतच्या खोलीत पाणी ३५च्या पुढे जातं आणि अंडी नीट फुटत नाहीत. तेव्हा भांडं तळमजल्यावर, ओल्या गोणपाटात ठेवा. २४ ते ३६ तासांत पिल्लं बाहेर येतात. पंप बंद करून भांड्याच्या एका बाजूला खाली दिवा धरला की ती उजेडाकडे गोळा होतात आणि रिकामी टरफलं वर तरंगतात. ड्रॉपरने एक थेंब काचपट्टीवर घ्या.

४०पट भिंगाखाली सुमारे अर्ध्या मिलिमीटरचा नारिंगी नॉप्लियस, म्हणजे त्याचा लार्व्हा, दिसेल. मध्यभागी एकच काळपट डोळा आणि उपांगांच्या फक्त तीन जोड्या. दुसरी जोडी सर्वांत मोठी असते, पोहण्याचं काम तीच करते. नारिंगी रंग बलकाचा आहे, ही पहिली अवस्था खातच नाही. सुमारे अर्ध्या दिवसाने कात टाकली की दुसऱ्या अवस्थेत खाणं सुरू होतं. पुढच्या प्रत्येक कातीबरोबर मागच्या बाजूला धडाचे खंड वाढत जातात. आधी पुढचा भाग आणि मागचा नंतर हा क्रम इथे उघड्या डोळ्यांसमोर घडतो. मात्र यावरून नॉप्लियस आणि टॉर्नारिया एकाच वंशाचे लार्व्हा आहेत असं मुळीच लिहू नका. क्रम सारखा असणं वेगळं आणि वारसा सारखा असणं वेगळं.

शेततळ्यातलं किंवा हतनूरच्या जलाशयातलं पाणी बारीक प्लवक-जाळीतून गाळलं तर कोपेपॉडांचे (सूक्ष्म कवचधारी प्राण्यांचे) नॉप्लियसही सापडतात. तापीच्या पात्रातल्या शिंपल्यांचा ग्लोकिडियम लार्व्हा तर या विषयाला फारच जवळचा आहे. समुद्री शिंपल्यांचा व्हेलिजर पाण्यात मोकळा पोहतो. गोड्या पाण्यातल्या या शिंपल्यांत त्या जागी माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटणारा परजीवी लार्व्हा आला. वाहत्या नदीत मोकळा पोहणारा लार्व्हा खाली वाहून जाईल, माशाबरोबर तो वरही जातो.

४. प्रजाती आणि माहितीसंच निवडा

नवख्याने दोन प्रजाती घ्याव्यात, फार तर तीन. निवडताना तीन गोष्टी पाहा: जीनोम (प्राण्याचा संपूर्ण डीएनए) चांगला जुळवलेला आहे का, अवस्थांची मालिका सलग आहे का, आणि प्रत्येक अवस्थेचे किमान दोन, शक्यतो तीन स्वतंत्र नमुने आहेत का.

जांभळा सी अर्चिन, स्ट्रॉन्जिलोसेंट्रोटस पर्प्युरॅटस, सुरुवातीला सर्वांत सोयीचा. त्याचा सुमारे ८१.४ कोटी बेसचा आणि अंदाजे २३,३०० जनुकांचा जीनोम २००६मध्ये प्रसिद्ध झाला आणि एकायनोबेस या संकेतस्थळावर जनुकांची नावं, अवस्था, अभिव्यक्ती एका जागी मिळते. मृदुकायांमध्ये पॅसिफिक कालव घ्या. जीनोम २०१२चा, आणि अंड्यापासून प्रौढापर्यंतच्या अवस्थांची मालिका उपलब्ध आहे. हा प्राणी जुन्या संचांत क्रासोस्ट्रिया गिगस आणि नव्यांत मॅगालाना गिगस या नावाने आहे. दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर अर्धी माहिती हुकते.

जुन्या मालिकांमध्ये एका अवस्थेचा एकच नमुना असणं सर्रास आढळतं. अशा संचावर सांख्यिकीय चाचणी होत नाही, डीसीक-२ सरळ नकार देतं. आलेख काढायला तो चालेल, दावा करायला नाही.

५. अवस्थांचा तक्ता: अर्धा प्रकल्प इथेच आहे

बारा आठवडे असतील तर त्यातले तीन इथे घालवा.

अमेरिकेच्या एनसीबीआय या जनुक-माहिती संग्रहाच्या रन सिलेक्टरमधून नमुन्यांची माहिती उतरवा आणि स्प्रेडशीटमध्ये हे रकाने करा: रन-क्रमांक, प्रजाती, फलनानंतरचे तास, पाण्याचं तापमान, मूळ लेखकांनी दिलेलं अवस्थेचं नाव, त्या अवस्थेची दिसणारी खूण, लार्व्हा खात होता का आणि काय, ग्रंथालय (सीक्वेन्सिंगसाठी तयार केलेला आरएनएचा संच) बनवण्याची पद्धत, रीडची (यंत्राने वाचलेल्या एका तुकड्याची) लांबी, सीक्वेन्सिंगची तुकडी (एकाच वेळी वाचलेले नमुने). तापमान आणि खाद्य हे दोन रकाने वेबसाइटवर बहुधा रिकामे असतात. त्यासाठी मूळ निबंधाचा ‘पद्धती’ विभाग उघडावाच लागतो.

सर्वांत मोठा सापळा तासांचा. जांभळा सी अर्चिन १५ अंशांवर सुमारे २४ तासांत मेसेन्काइम ब्लास्टुला (पोकळ चेंडूसारखा भ्रूण), ४८ तासांत गॅस्ट्रुला (आतडं आत वळलेला भ्रूण) आणि ७२ तासांत प्लुटियस होतो. कालवाचा भ्रूण २५ अंशांच्या आसपास साधारण एका दिवसात डी आकाराच्या व्हेलिजरपर्यंत पोचतो. आता ‘२४ तास’ विरुद्ध ‘२४ तास’ अशी तुलना केली तर एकीकडे पोटही न बनलेला भ्रूण आणि दुसरीकडे शिंपला चढलेला लार्व्हा समोरासमोर येतो. आपल्याकडचा मे महिन्यात लावलेला बागायती कापूस आणि पावसावर पेरलेला कोरडवाहू कापूस यांची तुलना कोणी तारखेवरून करत नाही, पातं, फूल, बोंड यावरून करतो. इथेही तेच करा. घटना ठरवा: पेशीविभाजन, गॅस्ट्रुलेशनची सुरुवात, तोंड उघडणं, खायला लागणं, प्रौढ शरीराचा अंकुर दिसणं, रूपांतरण. प्रत्येक नमुना या घटनांपैकी दोन घटनांच्या मध्ये बसवा. जो बसत नाही तो वगळा आणि का वगळला ते लिहा.

दुसरा सापळा मादीने अंड्यात साठवलेल्या आरएनएचा. सुरुवातीच्या काही तासांत दिसणारी बरीच जनुकं भ्रूणाने चालू केलेलीच नसतात. त्यात भर म्हणजे सी अर्चिनमध्ये फलनानंतर साठवलेल्या आरएनएच्या पॉली-ए शेपट्या (टोकाची ए बेसची साखळी) लांब होतात. ग्रंथालय पॉली-ए पद्धतीने, म्हणजे या शेपटीला धरून, केलं असेल तर असा आरएनए जास्त पकडला जातो आणि अभिव्यक्ती वाढल्याचा भास होतो. नवा आरएनए बनलेला नसतोच. याच पद्धतीत शेपटी नसलेली हिस्टोन जनुकं जवळजवळ गायब दिसतात, प्रत्यक्षात भराभर विभाजणाऱ्या भ्रूणात ती भरपूर असतात. ‘पद्धत’ हा रकाना यासाठी आहे. पॉली-ए आणि राइबोसोमल आरएनए वगळण्याची पद्धत असे दोन संच एकत्र करू नका.

तिसरा: खाणाऱ्या लार्व्हाच्या पोटात शेवाळ असतं. त्याचा आरएनएही वाचला जातो.

चौथा सापळा तुकडीचा. भ्रूणावस्था एका वर्षी आणि लार्व्हा दुसऱ्या वर्षी सीक्वेन्स केले असतील तर दिसणारा फरक अवस्थेचा की यंत्राचा, हे कोणत्याही सॉफ्टवेअरला वेगळं करता येत नाही. असा संच सुंदर दिसला तरी सोडा.

६. उतरवणं आणि तपासणं

शक्य असेल तिथे युरोपच्या ईएनए संग्रहातून आवळलेल्या फास्टक्यू (रीड साठवणाऱ्या) फाइल थेट उतरवा. एसआरए या एनसीबीआयच्या संग्रहाच्या साधनाने उतरवलं तर फाइल उलगडताना मूळ आकाराच्या अनेक पट तात्पुरती जागा लागते आणि डिस्क भरून काम अर्ध्यात बंद पडतं. २ कोटी जोड-रीडचा एक नमुना आवळलेल्या स्वरूपात साधारण २ ते ४ जीबी धरा. उतरवल्यावर एमडी५ बेरीज (फाइल पूर्ण उतरल्याची खूण) जुळते का पाहा.

मग रीडची गुणवत्ता दाखवणारं फास्टक्यूसी चालवा. सर्वांत आधी जीसी प्रमाणाचा (रीडमधल्या जी आणि सी बेसच्या वाट्याचा) आलेख बघा. एकच उंचवटा हवा. दोन दिसले तर शेवाळ किंवा जिवाणूंचा संशय धरा आणि रीड कोणत्या जीवाचे ते ओळखणाऱ्या क्रॅकन-२ने खात्री करा. अडॅप्टर (सीक्वेन्सिंगसाठी टोकाला जोडलेले तुकडे) काढायला फास्टपी पुरेसं आहे. गुणवत्तेच्या नावाखाली रीड फार कापू नका.

७. मोजणी

रीडवरून जनुकांची अभिव्यक्ती मोजायला सॅमन वापरा. ते हलकं आहे आणि नुसत्या ट्रान्स्क्रिप्टचा (जनुकांपासून बनलेल्या आरएनए-प्रतींचा) निर्देशांक ८ जीबी रॅममध्ये बसतो. संपूर्ण जीनोम डिकॉय म्हणून (चुकीच्या जुळण्या अडवण्यासाठी) जोडल्यास निकाल अधिक विश्वासार्ह होतो, पण रॅम बरीच लागते. ते गॅलॅक्सीवर करा. के-मरचं (जुळणीसाठी घेतलेल्या छोट्या तुकड्याच्या लांबीचं) नेहमीचं मूल्य ३१ आहे. रीड ७५ बेसपेक्षा आखूड असतील तर ते कमी करा, २३ चालतं. ग्रंथालयाचा प्रकार ‘ए’ ठेवला की तो आपोआप ओळखला जातो. जीसी-सुधारणा चालू ठेवा.

जुळणीचं प्रमाण ७० टक्क्यांच्या वर असेल तर पुढे चला. ५०च्या खाली गेलं तर कारण शोधा. समुद्री अपृष्ठवंशींमध्ये एकाच प्राण्याच्या दोन जीनोम-प्रतींत खूप फरक असतो, जांभळ्या सी अर्चिनमध्ये ४ ते ५ टक्के. त्यामुळे थोडी घट स्वाभाविक असते. पण एकाच मालिकेत फक्त खाणाऱ्या लार्व्हांचंच प्रमाण पडलं असेल तर तो शेवाळाचा परिणाम समजा.

टीएक्सइम्पोर्टने ट्रान्स्क्रिप्टची मोजणी जनुकांवर आणा. डीसीक-२ला टीपीएम (जनुकाची लांबी आणि एकूण रीड धरून काढलेला आकडा) देऊ नका. त्याला कच्ची मोजणीच लागते. नवख्यांची ही सर्वांत नेहमीची चूक असते आणि सॉफ्टवेअर दर वेळी अडवत नाही: आकडे पूर्णांकात बदलून दिले की ते निमूट चालतं आणि उत्तर चुकीचं येतं.

८. दोन प्रजातींची जनुकं जुळवणं

प्रत्येक प्रजातीच्या प्रथिनांची फाइल घ्या आणि दर जनुकाचं सर्वांत लांब एकच रूप ठेवा. हे न केल्यास प्रजातींमधली जनुकं गटांत जुळवणारा ऑर्थोफाइंडर एकाच जनुकाची रूपं प्रती समजतो. तुमच्या दोन प्रजातींशिवाय आणखी चार-पाच प्राणी घाला, नाहीतर गट नीट फुटत नाहीत. फाइल पुरी आहे का ते बुस्कोने (अपेक्षित जनुकं सापडतात का पाहणाऱ्या साधनाने) आधी तपासा. अपुऱ्या फाइलमुळे ‘हे जनुक नाहीसं झालं’ असा खोटा निष्कर्ष निघतो.

एकास-एक जुळणारी जनुकं घेणं सोपं असतं, पण ती बहुतेक पेशींची रोजची कामं करणारी असतात आणि लार्व्हाच्या वेगळेपणाबद्दल फारसं बोलत नाहीत. ज्या कुळांबद्दल प्रश्न आहे त्यांची वंशवृक्षावरची जागा हाताने तपासा.

९. विश्लेषण

प्रथम व्हीएसटी केलेल्या (चढउतार समान पातळीवर आणलेल्या) मोजणीवर पीसीए, म्हणजे सारखे नमुने जवळ दाखवणारा आलेख, काढा. नमुने विकासाच्या क्रमाने वळणावर मांडले गेले पाहिजेत. एखादा भलत्या ठिकाणी पडला तर आधी लेबल तपासा, मग जीवशास्त्र शोधा.

सलग मालिकेसाठी दोन-दोन अवस्थांच्या असंख्य तुलना करत बसू नका. लाइकलीहुड रेशो चाचणी घ्या: पूर्ण मॉडेलमध्ये अवस्था, लहान मॉडेलमध्ये फक्त स्थिरांक. सुधारित पी (अनेक चाचण्यांसाठी दुरुस्त केलेलं पी-मूल्य) ०.०५च्या खाली असलेली जनुकं घेऊन अवस्थानिहाय सरासरीवर एमफझने गट करा. गटांची संख्या ६ ते १२ अशी बदलून पाहा. निष्कर्ष संख्या बदलताच बदलत असेल तर तो कच्चा आहे.

प्रजातींमध्ये टीपीएमचे आकडे थेट शेजारी ठेवू नका. प्रत्येक प्रजातीत जनुकाचं प्रमाणीकरण करा आणि ते पायरी ५मधल्या कोणत्या घटनेजवळ शिखर गाठतं याची तुलना करा. घड्याळ सरकलं की नाही ते इथे दिसतं.

१०. निष्कर्ष लिहिताना

दोन लार्व्हांत तीच जनुकं चालू दिसली म्हणून त्यांचा लार्व्हा-पूर्वज एक, असं लिहिण्याचा मोह होतो. ट्रोकोफोर आणि टॉर्नारिया दोघांच्याही रोमकपट्ट्यांत (हलणाऱ्या सूक्ष्म केसांच्या पट्ट्यांत) ट्युब्युलिन, डायनीन आणि फॉक्स-जे१ सापडतील. हलणारे रोमक जिथे असतील तिथे ही जनुकं लागतातच, आपल्या श्वासनलिकेतही. तसंच सिक्स-३ आणि फॉक्स-क्यू२ पुढच्या टोकाला दिसली तर ती शरीराचं पुढचं टोक आखणारी जुनी व्यवस्था आहे, आणि सिक्स-३ तर थेट विकसित होणाऱ्या प्राण्यांतही तिथेच असतं. म्हणून तुलनेत लार्व्हा नसलेली एक प्रजाती ठेवता आली तर जरूर ठेवा.

उलट दिशेची शक्यताही तपासा: प्रौढाची जनुकं लार्व्हाने उसनी घेणं. सी अर्चिनच्या प्लुटियसला कंकाल असतो आणि तो घडवणाऱ्या पेशींत एएलएक्स-१ जनुक चालू असतं. तेच जनुक प्रौढाच्या कंकालातही असतं. तारामाशाच्या प्रौढातही ते कंकालाजवळ सापडतं, पण त्याच्या लार्व्हाला कंकालच नाही. यावरून प्रौढाची व्यवस्था सी अर्चिनच्या वंशात लवकरच्या अवस्थेत ओढली गेली असावी असं मानतात. तुमच्या यादीतली ‘लार्व्हाची जनुकं’ पिल्लाच्या अवस्थेतही चालू आहेत का, हे पाहिल्याशिवाय त्यांना लार्व्हाची म्हणू नका.

संपूर्ण प्राणी वाटून काढलेला आरएनए ‘कधी’ सांगतो, ‘कुठे’ सांगत नाही. एखादं जनुक वाढलेलं दिसलं तर ते प्रत्येक पेशीत वाढलं असेल, किंवा त्या प्रकारच्या पेशीच संख्येने वाढल्या असतील. हे वाक्य प्रबंधाच्या मर्यादांमध्ये स्वतःहून लिहा; परीक्षक विचारतातच. ‘कुठे’चं उत्तर इन सिटू संकरणाने (जनुक कोणत्या पेशींत चालू आहे ते रंगवून दाखवण्याने) मिळतं आणि त्याला जिवंत भ्रूण लागतात. तिथवर जायचं असेल तर गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, मुंबईतली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था किंवा कोचीची केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था इथल्या शास्त्रज्ञांना उन्हाळी प्रशिक्षणासाठी लिहा. पत्रासोबत आठ-दहा जनुकांची नावं, प्रत्येकाची अपेक्षित अवस्था आणि पायरी ५चा तक्ता जोडा.